स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या बाईनं नोकरी सोडावी का? आणि गाण्याचे हक्क विकावेत का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय २७, परभणी जिल्ह्यातलं गाव, शाळेत कंत्राटी नोकरी. आजीकडून जात्यावरच्या ओव्या शिकलात आणि आता त्याच चालींवर स्वतःचे शब्द बांधून गाता. एका गाण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बराच फिरला, त्यावरून जयंत्यांची आणि जत्रांची बोलावणी येऊ लागली. एका म्युझिक कंपनीनं चार गाण्यांचे 'सर्व हक्क' २० हजार रुपयांना मागितलेत. नोकरी सोडून पूर्णवेळ गावं का, आणि त्या कागदावर सही करावी का, हे तुम्हाला हवंय. घरचे नाराज आहेत, हेही तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय.

उत्तर आधी सांगते, कारणं मग. नोकरी आत्ता सोडू नका. कागद आहे तसा सही करू नका. गाणं मात्र चालू ठेवा, आणि जरा जास्त शिस्तीनं. मी स्वतःची गाणी घेऊन दोन दशकांहून जास्त काळ जालना, बीड, परभणी, नांदेड या पट्ट्यात फिरते आहे. मुंबई-पुण्यातल्या कार्यक्रमांचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा मी सांगते ते आपल्या भागाचं समजा.

माझ्या मते तुमची खरी अडचण नोकरीची नाहीच. तुम्हाला बोलावणं येतं तेव्हा मंडळाचा अध्यक्ष फोनवर काय विचारतो ते आठवून बघा. 'अमुक गाणं येतं का? तमुक म्हणाल ना?' म्हणजे सुपारी, म्हणजे ठरवून दिलेला कार्यक्रम, मिळते ती लोकांना पाठ असलेली, दुसऱ्यांची गाणी म्हणण्यासाठी. तुमची स्वतःची ओवी कार्यक्रमात कुठंतरी मधे एकदा येते. गळ्याची कमाई आणि शब्दांची कमाई हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्याचे पैसे त्याच रात्री हातात येतात, आवाज बसला की थांबतात. दुसऱ्याचे सावकाश येतात, पण म्हातारपणीही येऊ शकतात. तुम्हाला जगायचंय शब्दांच्या कमाईवर आणि बोलावणी येतायत गळ्याची. हे अंतर कमी व्हायच्या आधी नोकरी सोडली तर घर चालवण्यासाठी तुम्ही रोज इतरांचीच गाणी गात राहाल आणि लिहायला वेळ उरणार नाही. आमच्या भागात चांगलं लिहिणारे कितीतरी गळे असे नुसते गाणारे होऊन गेलेले मी पाहिलेत.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पगारावर घरात कोण कोण अवलंबून आहे, कर्जाचा हप्ता आहे का, कंत्राट दरवर्षी नव्यानं होतं का, नेमणूकपत्रात दुसऱ्या उत्पन्नाला परवानगी लागते असं लिहिलंय का, हे मला माहीत नाही. शेवटची गोष्ट आजच बघून घ्या. उद्या कुणी तुमचाच व्हिडिओ दाखवून तक्रार केली तर हाताशी परवानगीचा कागद असलेला बरा.

हिशेब मांडून दाखवते. समजा सुपारी २५ हजारांची ठरली आणि साउंड मंडळाचा. पेटी, ढोलकी, हलगी आणि झील धरणाऱ्या, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्या दोघी, असे पाच सोबती, प्रत्येकी २ हजार, म्हणजे १० हजार. गाडी साडेपाच हजार, वाटेतलं चहापाणी-जेवण हजार. उरले साडेआठ हजार. त्यातूनच ढोलकीचं पान बदलायचं, साड्या घ्यायच्या, स्टुडिओसाठी बाजूला टाकायचे. ऐकणाऱ्याला वाटतं बाईला एका रात्रीत २५ हजार मिळाले. सोबत्यांचे पैसे कापून स्वतःचा वाटा वाढवायचा मोह टाळा. चांगला ढोलकीवाला गेला की तुमची निम्मी गाणी गेली.

शिवाय वर्ष सारखं नसतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, त्याआधी ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची, पुढे १९ फेब्रुवारी, ८ मार्च, मग ११ आणि १४ एप्रिल. एप्रिलभर तर एका दिवशी दोन-दोन गावं मागतात. बुद्धपौर्णिमा, लग्नसराई, गावोगावच्या जत्रा झाल्या की मृग लागतो आणि फोन बंद होतो. लोक पेरणीत असतात, पैसाही नसतो. नंतर गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, २६ नोव्हेंबर, ६ डिसेंबर. म्हणून एप्रिलची कमाई बघून नोकरीचा निर्णय कधीच घेऊ नये. एक वही करा आणि एका संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंत आलेला-गेलेला प्रत्येक रुपया लिहा. आषाढ-श्रावण धरून वर्षाची निव्वळ कमाई पगाराएवढी झाली, आणि वर सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत पडला, की नोकरीचा विषय पुन्हा काढा. तोवर एप्रिलमध्ये बिनपगारी रजा मिळते का ते पाहा. मीही बरीच वर्षं नोकरी सांभाळून गायले आणि माझी बरी म्हणावीत अशी गाणी त्याच वर्षांतली आहेत.

इसाराबद्दल, म्हणजे आगाऊ रकमेबद्दल, एकच नियम: तारीख ठरली की निम्मे, आणि उरलेले स्टेजवर चढायच्या आधी. 'कार्यक्रम झाल्यावर बघू' हे वाक्य ऐकलं की नम्रपणे नाही म्हणा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाचा नियम आडवा येतो, भाषणं लांबतात, तुम्हाला वीस मिनिटं मिळतात आणि मग 'कार्यक्रम पूर्ण झालाच नाही' म्हणून पैसे कापले जातात. एका मोठ्या गावच्या मंडळानं आमच्याशी हे केलंय. सात ते दहा ही वेळ आणि रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मंडळाच्या माणसानं 'हो' लिहिलं तरी पुष्कळ झालं.

आता मुद्दा आपली गाणी लोकांनी मागावीत याचा. हे आपोआप होत नाही, कार्यक्रम तसा बांधावा लागतो. सुरुवात ओळखीच्या वंदनानं करा. दुसरं गाणंही लोकांचंच. श्रोता सैल होऊन बसला की तिसरं तुमचं, आणि त्याआधी दोनच वाक्यं बोला: हे कुणासाठी लिहिलं, कुठं सुचलं. लांब निवेदन नको. ध्रुपद, म्हणजे दर कडव्यानंतर परत येणारी ओळ, असं हवं की दुसऱ्या फेरीला पुढच्या रांगेतल्या बाया ते उचलतील. तुमच्या व्हिडिओतलं गाणं मी ऐकलं. कडवी फार सुंदर आहेत, पण ध्रुपदात अक्षरं खूप झालीत, त्यामुळे झील धरणारी धापा टाकते. ओवीच्या शेवटच्या आखूड चरणात स्त्रिया 'गं बाई', 'सांगते बाई तुला' असं घालून आवाज टेकवतात, ती जागा कोरसला द्या. जातं ओढणाऱ्या दोघींपैकी एकीनं ओळ सोडावी आणि दुसरीनं धरावी ही आपली जुनीच रीत आहे, स्टेजवरही ती जशीच्या तशी चालते.

आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घाला. तुमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी सातशे वर्षांपूर्वी अभंगात स्वतःचं नाव ओवलं, म्हणून त्या रचना कुणाच्या हे आज सांगता येतं. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी हजारो गळ्यांतून गेली, कितीतरी गायकांनी त्यांचं नाव न घेताच म्हटली, तरी शेवटच्या कडव्यातला 'वामन' हलला नाही. तुम्ही लाजून नाव घालत नाही असं दिसतंय. घाला. तुमची गाणी इतर बाया गायला लागतील, आणि तशा त्यांनी गायला हव्यातच, तेव्हा तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला गाण्यात नाव असलेलं बरं.

लिहून ठेवण्याचंही तसंच. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी गाणी उतरवून घेतली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी ती छापली गेली. उतरवली न गेलेली किती हरवली असतील! तुमच्या हातात मोबाइल आहे. प्रत्येक गाणं पूर्ण झालं की तारीख बोलून आवाज रेकॉर्ड करा, शब्द टाइप करून स्वतःलाच ई-मेल करा. पुढं वाद झाला तर हे कागद कामाला येतात.

हे का म्हणते ते सांगायला आता कायद्याकडे येते, कारण तुमचा दुसरा प्रश्न तोच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं लिहिलं किंवा रेकॉर्ड केलं त्याच क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी केली तर पुरावा भक्कम होतो, पण ती सक्तीची नाही. शब्दांवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे तो तुमच्या मुलांचाही आहे. एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनीनं केला तर ते तिचं, हे ठीक आहे. पण 'सर्व हक्क' या दोन शब्दांत ती तुमचे शब्द आणि चालही घेऊन जाते. मग उद्या तेच गाणं तुम्ही दुसऱ्या साथीदारांसोबत पुन्हा रेकॉर्ड केलंत तर यूट्यूबवर तुमच्याच व्हिडिओवर दावा लागू शकतो.

ओवीच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. आजीच्या ओव्या आणि त्यांच्या चाली कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. महाराष्ट्रात संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत, त्यात परभणी जिल्ह्यातल्या बायांचाही आवाज आहे. ते सगळ्यांचं धन आहे. तेव्हा तुमच्या गाण्याखाली नेमकं लिहा: शब्द तुमचे, चाल पारंपरिक. चालीत तुम्ही खरोखर नवं काही बांधलं असेल तर 'पारंपरिक चालीवर आधारित, संगीत' म्हणून तुमचं नाव. एखादी ओवी आजीची जशीच्या तशी घेतली असेल तर आजीचं नाव आणि गाव द्या. हे इमानाचं आहेच, शिवाय सोयीचंही. कारण पारंपरिक चालीच्या रेकॉर्डिंगवर एखाद्या कंपनीच्या यंत्रणेतून आपोआप दावा येतो, त्याला उत्तर देताना 'चाल पारंपरिक, शब्द माझे, आवाज माझा, रेकॉर्डिंग माझं' असं ठामपणे लिहिता येतं. यूट्यूबवर असा दावा नाकारल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका.

कराराच्या कागदात काय शोधायचं? मुदत, प्रदेश, माध्यम, रॉयल्टी. कायदा सांगतो की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क कंपनीनं वर्षभर वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तो तुमच्याकडे परत येतो. म्हणूनच कंपन्या 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण विश्वात', 'आज असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत' असे शब्द आवर्जून घालतात. तुमच्या कागदात हे तिन्ही आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

रॉयल्टीचं कलम सगळ्यात मोलाचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही. वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. कंपनीला हक्क दिले तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत तुमचा बरोबरीचा वाटा राहतो आणि त्याविरुद्धचा करार कायद्यानं पोकळ ठरतो. 'एकरकमी २० हजार, यापुढे कोणतीही मागणी नाही' ही ओळ त्यामुळे तितकीशी टिकणारी नाही. पण ती मोडून काढायला कोर्टात जावं लागेल, तेव्हा आधीच खोडून घेणं शहाणपणाचं. ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासूनची, मुंबईतली. गीतकार आणि संगीतकार तिचे सदस्य होतात आणि आपली गाणी एकेक करून नोंदवतात. नुसतं सदस्य होऊन भागत नाही, गाणी नोंदवली तरच पैसे तुमच्या नावावर लागतात. गायकांसाठी इंडियन सिंगर्स अँड म्युझिशियन्स राइट्स असोसिएशन (इसामरा) वेगळी. तुम्ही लिहिताही आणि गाताही, त्यामुळे दोन्हीकडची माहिती काढा.

इथवरचं एकत्र करते. पगार वर्षभर चालू ठेवायचा, वही ठेवायची, कार्यक्रमात आपल्या गाण्यांची जागा वाढवायची, शब्दांचे हक्क आपल्याकडे राखायचे. बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण विचारल्यात म्हणून सांगते.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर आधी नुसता आवाज आणि एकतारी घ्या. स्टुडिओत संगीत संयोजक पहिल्यांदा ठेक्याचा 'क्लिक' लावतात आणि ओवी त्यात कोंबतात. ओवीचा तिसरा चरण श्वासाबरोबर लांबतो, तो सरळ केला की जात्याची फिरकीच जाते. आवाज मोकळा घेऊन ढोलकीवाल्याला त्यावर वाजवू द्या, चांगला वादक बरोबर सांभाळून घेतो. खुल्या मैदानातल्या कार्यक्रमात थंडीत हलगीचं कातडं दवानं उतरतं. आमचा हलगीवाला गाण्याआधी कागद पेटवून ती शेकतो, बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. आवाज टणटणीत आला की मगच मान हलवतो. तेवढा वेळ निवेदनात धरून ठेवा, त्याला घाई करू नका. आणि स्वतःचा एक बरा माइक घेऊन फिरा. मंडळाच्या साउंडवाल्याकडचा भाषणाचा माइक तुमच्या वरच्या पट्टीत शिट्टी मारतो.

डिजिटलच्या कमाईवर फार आशा ठेवू नका, पण ती सोडूही नका. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं बघणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. तुमचा फिरलेला व्हिडिओ दुसऱ्याच कुणाच्या चॅनलवर आहे, म्हणजे ते सगळं त्याच्या खात्यावर जमतंय. स्वतःचं चॅनल काढा आणि तेच गाणं नीट रेकॉर्ड करून टाका. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी वितरकामार्फत गाणं देता येतं, हक्क तुमच्याकडेच राहतात. तिथं मात्र वर्षाला हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्या गाण्याचा पैसा सुरू होत नाही. ही माध्यमं मला बोलावणं मिळवून देतात म्हणून मी तिथं आहे.

आकाशवाणीच्या परभणी केंद्रात लोकसंगीताच्या स्वरचाचणीचा अर्ज भरा. मानधन थोडं, पण श्रेणी मिळाली की सरकारी कार्यक्रमांत तुमचा शब्द वजनदार होतो. जिल्हा माहिती कार्यालयाच्या कलापथकांच्या यादीसाठीही लक्ष ठेवा. तिथले पैसे उशिरा येतात, पण खात्यावर येतात आणि कागदोपत्री दिसतात. पॅन हवंच. शिवाय लोककलेच्या एका सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. कुणी कापायला निघालं तर हे सांगा.

घरच्यांबद्दल. त्यांची भीती खोटी नाही, रात्रीच्या प्रवासाची आहे आणि लोकांच्या बोलण्याची आहे. बोलण्याला इलाज नाही. प्रवासाला आहे. झील धरणारी एक तरी नात्यातली किंवा गावातली बाई असू द्या, गाडीवाला ठरलेला असू द्या, मुक्काम करायचा तर खोली मंडळानं आधी दाखवावी. दारू प्यायलेल्यांनी स्टेजजवळ येऊ नये हे ठरवतानाच सांगा आणि कुणी नोट दाखवून हात पुढं केला तर गाणं तिथंच थांबवा. मी थांबवलंय, आणि दर वेळी गावातल्या बायाच उठून माझ्या बाजूनं बोलल्या आहेत. सासूबाईंना एकदा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसवा. जात्यावरची ओवी त्यांनाही येत असणार.

कंपनीला याच आठवड्यात उत्तर लिहा. नाही म्हणू नका, बदल सुचवा: चारऐवजी एक गाणं, फक्त त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क, मुदत पाच वर्षं, शब्द आणि चालीवरचे हक्क तुमच्याकडे, रॉयल्टी कायद्याप्रमाणे, गाण्यासोबत गीतकार म्हणून नाव, आणि स्टेजवर व स्वतःच्या चॅनलवर गाण्याची मोकळीक. त्यांना गाणं खरोखर हवं असेल तर ते बोलणी करतील. सुधारलेला मसुदा आला की सही करण्याआधी परभणीच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना आधार कार्ड, कंपनीचा पहिला कागद, नवा मसुदा आणि गाण्यांचे तारखेसह जपलेले शब्द बरोबर ठेवा.